बांध रडतो म्हणजे नेमके काय होते?

मिरग लागला की या सदराचे टपाल बदलते. उन्हाळ्यात बोअरवेल, विहिरी आणि टँकर. पावसात गळकी गच्ची आणि बांध. या खेपेला बांधांवर चार पत्रे आली. त्यांतले पहिले इतके नीट पाहून लिहिलेले आहे की जवळजवळ पूर्ण छापतो. माझ्या हाताखाली काम केलेल्या कितीतरी पर्यवेक्षकांनी असा अहवाल कधी दिला नाही. बाकीच्या तिघांना थोडक्यात उत्तर मिळेल, त्यांनी राग मानू नये.

सप्रेम नमस्कार. आमचे गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. नाव छापू नये, गावात आधीच दोन तट आहेत. गावाच्या वर ओहोळावर चाळीसेक वर्षांपूर्वीचे मातीचे छोटे धरण आहे. आम्ही त्याला बांधच म्हणतो. त्याच्या खाली पाटाला लागून आमचे कुळागर आहे. पोफळी, थोडे माड, मिरी, केळी. घर कुळागराच्या कडेला, बांधापासून चालत सात-आठ मिनिटांवर.

गेल्या चवथीपासून बांधाच्या पायथ्याला, पाणी खाली सोडायच्या मोरीचा पाइप बाहेर येतो त्याच्या डाव्या अंगाला, ओल दिसते. आधी तिथले गवत तेवढे हिरवे असायचे. मग करंगळीएवढी धार झाली. मे महिन्यात ती आटली, या पावसात पुन्हा सुरू झाली. पाणी कधीकधी तांबूस असते आणि वर तेलासारखा तवंग येतो. सासूबाई म्हणतात, "बांद सदांच रडटा." बांधावर काजू उगवले आहेत. उतारावर एक रोयण, म्हणजे वारूळ, आहे, तिला लोक फुले वाहतात. मोरीचे गेट तीन वर्षे अर्ध्यात अडकले आहे. सांडव्यावर पावसात मुले जाळे बांधतात, तळ्यात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. दिवाळीनंतर तिथेच रेतीच्या गोण्या रचतात, वायंगणाच्या भातशेतीला पाणी पुरावे म्हणून. त्यांतल्या काही गोण्या अजून तिथेच आहेत.

पाहणीला आलेल्या एकाला मी हे सगळे दाखवले. तो म्हणाला, "मातीचे धरण झिरपतेच, मॅडम." माझे यजमानही तेच म्हणतात. पण पावसाची रात्र असली की मला झोप लागत नाही. मी घाबरावे की नाही, एवढेच सांगा.
— एक बागायतदार, सत्तरी

उत्तर: ताई, तुम्ही धारेसाठी पत्र लिहिलेत. धारेकडे येतो. पण तुमचे पत्र वाचताना मी पहिल्यांदा थांबलो तो जाळ्यापाशी.

ओहोळावरचा काँक्रीटचा किंवा दगडी बंधारा, ज्याला आपण फळ्या लावतो आणि काढतो, त्याच्या डोक्यावरून पाणी गेले तरी बिघडत नाही. तो त्यासाठीच बांधलेला असतो. मातीच्या धरणाचे तसे नाही. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की खालच्या उताराची माती चर पाडत निघते, चर मागे सरकत माथ्यापर्यंत येतो, आणि मग तळे स्वतःच वाट रुंद करत जाते. मातीची धरणे जाण्याची मोठी कारणे दोनच: पाणी वरून जाणे आणि पाणी आतून जाणे. वरून जाऊ नये म्हणून एका बाजूला पक्का सांडवा असतो. तुमच्या मुलांनी त्याच सांडव्याला जाळे बांधले आहे.

जाळ्यातून पाणी जाते, असे ती मुले म्हणतील. जाते, पहिली दहा मिनिटे. डोंगरावरून पहिल्या मोठ्या सरीबरोबर पालापाचोळा, बांबूची पाने, मोडक्या फांद्या, प्लास्टिकच्या बाटल्या येतात आणि जाळ्याची भिंत होते. हिशेब करून पाहू. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या बांधाचे नव्हेत. धरणाच्या वर दोन चौरस किलोमीटर डोंगर आहे आणि तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. सत्तरीत हे काही नवल नाही. म्हणजे दोन लाख घनमीटर पाणी, वीस कोटी लिटर. त्यातला पाचवा हिस्सा जमिनीने घेतला तरी तीन तास दर सेकंदाला सरासरी पंधरा घनमीटरच्या आसपास पाणी तळ्यात येत राहील. दहा मीटर रुंदीच्या सांडव्यावरून मीटरभर जाडीचे पाणी पडले तर सेकंदाला सतरा घनमीटर जाते, म्हणजे भागते. आता अर्धा सांडवा जाळ्याने आणि गोण्यांनी अडवा. साडेआठ जातात, सहा-साडेसहा उरतात. चार हेक्टरांच्या तळ्यात ते उरलेले पाणी दहा मिनिटांत नऊ सेंटिमीटर चढते. अर्ध्या तासात हातभर नाही, पण वीतभराहून जास्त. आणि धरणाचा माथा चाळीस वर्षांत कुठेतरी वीतभर बसलेला असतोच. पाणी तिथूनच जाते.

म्हणून पहिले काम हे. जाळे काढायचे आणि उरलेल्या गोण्या काढायच्या. त्याला अर्ज लागत नाही, निविदा लागत नाही. मुलांशी भांडू नका, मासे त्यांचेही आहेत. तुमच्या गावातले दोन्ही तट तळ्यातले मासे खातात असे मी धरून चालतो, तेव्हा या एका बाबतीत एकमत व्हायला हरकत नसावी. मासे जातील. पुढच्या वर्षी पुन्हा सोडता येतील. मात्र पाणी सांडव्यावरून पडत असताना कुणी जाळे सोडवायला उतरू नये. उघडीप बघून, दोघातिघांनी, कमरेला दोर बांधून.

आता धार.

तुमच्या सासूबाई चुकीचे बोलत नाहीत. मातीचे प्रत्येक धरण झिरपते. पोटात चिकणमातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो म्हणण्यापेक्षा त्याला दमवतो. गाभ्यामागे वाळूची चाळणी असते, ती दमलेले पाणी गोळा करते आणि माती मात्र मागे ठेवते. पायथ्याच्या दगडी भरावातून ते पाणी बाहेर येते. असे रडणे चालेल. धरण रडते की नाही हे विचारूच नये. विचारायचे ते असे: पाण्याबरोबर माती येते का? गेल्या आठवड्यापेक्षा पाणी जास्त येते का? आणि ते येते कुठून?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रात आहे आणि ते मला आवडलेले नाही. मोरीच्या अंगाला. मातीत पाइप किंवा दगडी मोरी टाकली की तिच्या कडेची माती नीट चोपली जात नाही. रोलर तिथे पोहोचत नाही, मग मजूर धुमसाने चोपतात, संध्याकाळी पाचला जरा हळूच चोपतात. पाण्याला पाइपच्या अंगाने सरळ वाट मिळते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी गेले, तेव्हाही दुखणे मोरीपाशीच होते. मोरीवरचा भराव खचत गेला, माथा बसला आणि पाणी वरून गेले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही नेले. मी तेव्हा दहा वर्षांचा, गोवा अजून पोर्तुगिजांकडे. ती बातमी माझ्यापर्यंत पोहोचलीही नसावी. पुढे डिप्लोमाला पुण्यात गेलो तेव्हा लोक पेठेतल्या वाड्यांच्या भिंतींवर हात उंच करून दाखवायचे, पाणी इथवर होते म्हणून. मोरीचा धडा मी पुस्तकाआधी तिथे वाचला.

म्हणून धारेची परीक्षा घ्या. पारदर्शक काचेची किंवा प्लास्टिकची बाटली स्वच्छ धुवा, धारेखाली भरा, झाकण लावून रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी हलवू नका, तळ बघा. बाटलीवर तारीख लिहा आणि ती टाकून देऊ नका. पुढच्या आठवड्याची बाटली तिच्या शेजारी ठेवायची आहे.

तांबूस रंगाला मात्र फसू नका. आपल्याकडे जांभ्यात लोह भरपूर असते. झिरपणारे पाणी उजेडावर आले की त्यात लोहावर जगणारे जिवाणू वाढतात आणि नारिंगी, बुळबुळीत साका धरतो. तेलासारखा तवंगही बहुधा त्यांचाच. काडी घालून बघा: तवंगाचे पापडासारखे तुकडे झाले तर तो जिवाणूंचा, काडीमागे पुन्हा जुळून आला तर तेल, मग ते कुणाच्या पंपाचे याचा शोध घ्या. बाटलीच्या तळाशी कापसासारखा हलका साका बसला आणि बोटांत चोळल्यावर काही लागले नाही, तर तेही लोहच. पण चोळल्यावर कचकच लागली, किंवा चिकण गाळाचा थर बसला, तर ती तुमच्या धरणाच्या पोटातली माती आहे. तेव्हा "झिरपतेच, मॅडम" म्हणणाऱ्याच्या टेबलावर ती बाटली नेऊन ठेवा.

प्रमाण मोजायला बालदी आणि घड्याळ पुरे. धार पन्हळीत घेऊन पंधरा लिटरची बालदी भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. साठ सेकंद लागले तर सेकंदाला पाव लिटर. शेजारी तळ्याची पातळी लिहा. सांडव्याच्या भिंतीवर रंगाने वीत-वीत अंतरावर रेघा ओढल्या की झाले. पाऊस पडत होता की नाही तेही लिहा, कारण उतारावरचे पावसाचे पाणी धारेत मिसळते. तळे भरेल तशी धार वाढली तर ते ठीक. तळ्याची पातळी तीच, पाऊस नाही, आणि साठची चाळीस सेकंद झाली, तर पाणी दीडपट झाले. आत काहीतरी मोकळे होत आहे.

खात्याची मंडळी हेच काम पत्र्याला इंग्रजी व्ही अक्षराची खाच पाडून करतात. काटकोनी खाचेत पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास, दहा सेंटिमीटर म्हणजे चार लिटरांहून जास्त. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून अधिक. नवीन माणूस इथेच फसतो: "पाचचे दहा झाले, साहेब, जास्त नाही" असे सांगतो.

मेमध्ये धार आटली, असे तुम्ही लिहिता. हे फार उपयोगाचे आहे. डोंगराचा झर असता तर तो तळ्याच्या पातळीकडे न बघता आपल्या गतीने आटला असता. धार थांबली त्या दिवशी तळे कुठवर उतरले होते ते कुणाला आठवते का पाहा. पाणी जिथून आत शिरते ती जागा त्या पातळीच्या आसपास असण्याची शक्यता असते. या वर्षी धार थांबेल तेव्हा सांडव्यावरची रेघ बघायला विसरू नका.

आता एक कबुली. नोकरीच्या तिसऱ्या पावसाळ्यात मला अशीच एक धार सापडली होती. कुठल्या तालुक्यात ते सोडा. वय सव्वीस. मी सिमेंट मागवले, चिकणमातीत कालवले, भोक बंद केले आणि शाबासकीची वाट बघत बसलो. तीन दिवसांनी तीन मीटर अंतरावर, पायथ्याच्या जरा वर, दुसरी धार फुटली आणि ती चहासारखी होती. पाणी आत कोंडले की दाब वाढतो आणि ते नवी वाट पाडते. आमचे मुकादम शिकलेले नव्हते, पण त्यांनी ते सिमेंट फोडायला लावले. मग धारेच्या तोंडावर आधी धुतलेली जाड रेती, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि वर दगड, असा ढीग रचला. पाणी येत राहिले, माती यायची थांबली. रात्री नऊपर्यंत आम्ही टोपल्या वाहत होतो आणि मला कुणी एक शब्द बोलले नाही. तेव्हा ताई, कुणी उत्साही मनुष्य प्लास्टिक, सिमेंट किंवा शेणमाती घेऊन धार बुजवायला आला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. रेती आणि खडीचा एक ढीग मात्र पावसाआधी बांधाशी आणून ठेवण्याची मागणी करा. खर्च फारसा नाही, आणि ऐन वेळी ट्रक त्या चिखलातून वर चढत नाही.

गेटचे. अडकलेले गेट म्हणजे पाणी खाली उतरवायची सोय नाही. धरणाला काही झाले तर पहिला उपाय पातळी कमी करणे हाच, आणि तुमच्या बांधाचा तो हात बांधून ठेवलेला आहे. तरी गावातल्या कुणी पहारीने ते उघडायला जाऊ नये. दांडा तुटला तर ना उघडता येईल ना बंद करता. तळे एकदम रिकामे करणेही बरे नाही, आतल्या उताराची भिजलेली माती पाण्याचा आधार गेल्यावर घसरते. हे दिवाळीनंतरचे, खात्याचे काम.

रोयणीचा प्रश्न नाजूक. तुमच्या तालुक्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पूजली जाते, तेव्हा तिथे कुदळ घेऊन जा असे मी सांगणार नाही, सांगितले तरी कुणी जाणार नाही. पण वारूळ वर दिसते त्याहून खाली जास्त असते आणि वाळवीच्या पोकळ्या भरावात दूरवर जातात. वरचा ढिगारा फोडून काही साधत नाही. पोकळ्यांत पातळ माती-सिमेंटचे मिश्रण दाबाने भरावे लागते. एका गावात माझ्यावर हीच वेळ आली होती. मी तिथल्या जुन्या गावकरांना धरणाचे चित्र काढून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग देवळात गाऱ्हाणे झाले, पाकळ्या लावून कौल घेतला, आणि देवीने देवराईतल्या रोयणीकडे जायला हरकत घेतली नाही. कौलाविषयी माझे मत मी घरी ठेवले होते. काम पंधरा दिवसांत झाले.

आणि तुमची रात्र. धार गढूळ झाली आणि वाढू लागली, उतारावर पायथ्याच्या वर नवी धार फुटली, माथ्यावर भेग पडली किंवा खड्डा बसला, तळ्यात मोरीच्या बाजूला भोवरा दिसला, यांतले एकही दिसले की मोजत बसू नका, फोटो काढत बसू नका. घरातली माणसे घेऊन, गोठ्यातली जनावरे मोकळी करून, कुळागराच्या वरच्या अंगाला चढा. खाली ओहोळाच्या कडेने पळू नका, पाणी त्याच वाटेने येणार. ११२ लावा, मग सरपंचाला. खालच्या वाड्यांवर कळवायचे कुणी, कुठल्या नंबरावर, हे आजच ठरवा. फोन बंद पडला तर देवळाची घंटा आहे. जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या रात्री वरच्या वाड्यावर कुणाकडे झोपायला जाण्यात कमीपणा नाही. रात्री टॉर्च घेऊन एकट्याने बांध बघायला जाणे मात्र नको. यजमानांनाही पाठवू नका, ते कितीही म्हणाले की उगाच घाबरतेस.

लेखी अर्ज जलस्रोत खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला द्या. प्रत मामलेदारांना, आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्ह्याचे आपत्ती व्यवस्थापन त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा. "पाणी गळते" अशा अर्जाला उत्तर येते, "पाहणी करण्यात येईल." पण अमुक तारखेला साठ सेकंद, तमुक तारखेला त्रेचाळीस, तळे त्याच रेघेवर, असा अर्ज आला की वाचणाऱ्याला खुर्चीत जरा पुढे सरकावे लागते. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे.

घाबरावे की नाही, हे विचारलेत. जाळे निघेपर्यंत घाबरा. बाटलीचे काय झाले ते कळवा.

प्रश्न: खेकड्यांनी धरण फुटू शकते का? वर्गात मुलांनी विचारले, मी हसलो, पण उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षक, पेडणे

उत्तर: हसलात ते बरे केले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. गावकरी त्याआधीच गळतीच्या तक्रारी करत होते. खेकडा ओल्या मातीत बीळ करतो, म्हणजे पायथ्याशी खेकडे फार झाले तर तिथे ओल फार झाली आहे, एवढे नक्की. कित्येक मीटर जाडीचा चोपलेला भराव तो आरपार पोखरत नाही.

पण खेकडा अगदी निर्दोष आहे असेही मुलांना सांगू नका. आपल्या खाजनांचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचा, बांध अंगाने बारीक, एका बाजूला भरतीचे खारे पाणी. तिथे कुर्लीचे भोक आरपार जाते, भरतीचे पाणी त्यातून धावते आणि भोकाचे भगदाड होते. म्हणून जुन्या गावकरीत, म्हणजे गावाच्या सामाईक कारभारात, बांध चालत बघायचा माणूस असे, भोक दिसले की तिथल्या तिथे चिखल भरून पायाने दाबायचा. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्याही तोच बघे. मुलांना एकदा ओहोटीच्या वेळी खाजनाच्या बांधावर घेऊन जा, पुस्तकापेक्षा ते बरे.

प्रश्न: २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आमच्या पंचायतीतल्या बांधाला लागू होतो का? बांध आठ-नऊ मीटर उंच दिसतो.
— एक पंच, डिचोली

उत्तर: "दिसतो" यावर जाऊ नका. कायद्यात उंची मोजतात ती पायाच्या सर्वांत खोल भागापासून माथ्यापर्यंत. वरून नऊ मीटर दिसणारा बांध पायापासून अकरा-बारा भरू शकतो. १५ मीटरांहून उंच असेल तर कायदा सरळ लागू. १० ते १५ मीटरांत असेल तर आणखी काही तरी लागते: माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त, किंवा साठा दहा लाख घनमीटर किंवा जास्त, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर किंवा जास्त, किंवा पाया विशेष अवघड, किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी. अंजुणे, साळावली या मोठ्या धरणांची गोष्ट निराळी. तुमच्यासारख्या बांधाला यांतले "पाया अवघड" एवढेच कदाचित लागेल. जांभा पोकळ असतो आणि पाणी धरणाच्या कडेच्या टेकाडातून वळसा घालून खाली येते.

लागू असेल तर पावसाआधी आणि पावसानंतर पाहणी मालकावर बंधनकारक आहे. लागू नसेल तर बांध सुरक्षित झाला असे नाही. फक्त त्याला कुणी विचारत नाही. माझा अनुभव असा की मोठ्या धरणावर चौकीदार, टेलिफोन, नोंदवही सगळे असते, आणि लहान बांधावर गुरे चारणारा पोरगा. कोणत्याही स्थितीत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. २००५ च्या त्या कायद्यात फक्त कागद मागण्याचा अधिकार नाही, चाललेल्या कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही आहे. बांधाचा मूळ नकाशा आणि शेवटच्या पाहणीची नोंद मागा. नकाशा सापडला नाही असे उत्तर आले तर तेही ग्रामसभेत वाचून दाखवण्यासारखे आहे.

प्रश्न: बांधाच्या उतारावर आपोआप आलेले दहा-बारा काजू आहेत. माती धरून ठेवतात, शिवाय पीक चांगले येते. ठेवले तर काय बिघडते?
— एक वाचक, धारबांदोडा

उत्तर: उतारावर माती धरायला गवत पुरते. काजूची मुळे पाण्याच्या शोधात भरावात शिरतात. झाड जिवंत आहे तोवर वादळात उन्मळून पडेल आणि घमेलेभर नव्हे, ट्रकभर माती घेऊन जाईल ही भीती. मेले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी तयार नळ्या राहतात, धरणाच्या पोटात, अगदी पाण्याच्या सोयीच्या. मनगटापेक्षा बारीक असलेली आता उपटा. जाड झालेली या पावसात तोडू नका, मुळासकट तर अजिबात काढू नका. उन्हाळ्यात, तळे खाली असताना, अभियंत्याला उभे करून, बुंधा आणि मुळे काढून खड्डा थराथराने माती चोपत भरावा लागतो. येत्या मार्चचे बोंडू तेवढे घ्या. हुर्राक बांधाबाहेरच्या झाडाचाही तितकाच चढतो.